रुग्णाचं दुखणं: विचारणं, औषध देणं आणि पुन्हा विचारणं

वेदनाशामक औषध कपाटात आहे, चार्टवर लिहिलेलंही आहे, तरी रुग्ण रात्रभर कण्हत पडलेला, असं अनेक वॉर्डांत दिसतं. मधलं काम परिचारिकेचं असतं: दुखणं विचारायचं, रुग्ण सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, डोस वेळेवर द्यायचा आणि तो लागू पडला का ते परत जाऊन बघायचं. यातलं विश्वास ठेवणं सर्वांत जड जातं आणि परत जाऊन बघणं सर्वांत जास्त वेळा राहून जातं. पुढे दिलेले डोस, वेगळा उल्लेख नसेल तिथे, प्रौढांसाठी नेहमी वापरले जाणारे आहेत. डॉक्टरांची ऑर्डर आणि आपल्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल यांना पहिला मान.

आधी विश्वास

रुग्ण सांगतो ते दुखणं खरं आणि तो म्हणतो तेव्हा ते असतं, ही भूमिका अमेरिकन परिचारिका मार्गो मॅककॅफरी यांनी १९६८ मध्ये मांडली. पुढे १९८७ मध्ये बेटी फेरेल आणि मॅककॅफरी यांनी परिचारिकांचं वेदनेबद्दलचं ज्ञान आणि दृष्टिकोन तपासणारी प्रश्नावली तयार केली. तिच्यात दोन रुग्ण येतात. वय, शस्त्रक्रिया, नाडी, रक्तदाब सगळं सारखं. एक पाहुण्यांशी हसत बोलतोय, दुसरा तोंड वाकडं करून निपचित पडलाय. दोघेही दुखणं १० पैकी ८ सांगतात. चार्टवर किती लिहाल? बरोबर उत्तर दोघांसाठी ८ हेच आहे. तरी हसणाऱ्याचा आकडा कमी लिहिण्याकडे आणि त्याला डोसही कमी देण्याकडे कल असल्याचं या प्रश्नावलीच्या वापरातून वारंवार दिसलं आहे.

माणूस दुखत असतानाही हसतो. भेटायला आलेल्यांना काळजी वाटू नये म्हणून हसतो, बोलण्यात मन रमलं की थोडा वेळ दुखणं मागे पडतं म्हणूनही हसतो. नाडी आणि रक्तदाब दुखण्याच्या सुरुवातीला वाढतात, पण दुखणं टिकून राहिलं की शरीर जुळवून घेतं आणि आकडे पूर्ववत होतात. त्यामुळे ‘व्हायटल्स नॉर्मल आहेत’ एवढ्यावरून दुखत नाही असं ठरवता येत नाही. झोपेचंही तेच. थकलेला रुग्ण तीव्र वेदनेतही डुलक्या घेतो, आणि मॉर्फिनची गुंगी म्हणजे वेदना गेली असं नव्हे.

परिचारिकेचा हात आखडतो तो मुख्यतः व्यसनाच्या भीतीने. इथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. औषध काही काळ घेतल्यावर त्याच परिणामासाठी जास्त डोस लागणं ही सहनशीलता. अचानक बंद केल्यावर घाम, जुलाब, अस्वस्थता, अंगावर काटा येणं हे शारीरिक अवलंबित्व. या दोन्ही शरीराच्या अपेक्षित प्रतिक्रिया आहेत. म्हणूनच बरेच दिवस चाललेलं मॉर्फिन टप्प्याटप्प्याने कमी करतात. व्यसन म्हणजे नुकसान होत असूनही औषधाची अनावर ओढ आणि वापरावरचा ताबा सुटणं. दर थोड्या वेळाने बेल वाजवून ‘सिस्टर, इंजेक्शन कधी?’ असं विचारणारा रुग्ण बहुतेक वेळा अपुऱ्या डोसवर असतो. डोस पुरेसा झाला की बेल थांबते, आणि हीच त्याची परीक्षा. एखाद्या औषधाचा परिणाम ४ तास टिकतो आणि ऑर्डर ८ तासांची असते, तेव्हा मधले ४ तास तो घड्याळ बघणारच. अशा वेळी रुग्णाला समजावत बसण्यापेक्षा हे अंतर डॉक्टरांच्या नजरेस आणून देणं जास्त कामाचं.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या, जेमतेम एका परिच्छेदाच्या पत्राचा आधार घेऊन ‘ओपिऑइडने (म्हणजे मॉर्फिनच्या गटातल्या औषधांनी) व्यसन जवळजवळ लागतच नाही’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. ते पत्र रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांबद्दल होतं. महिनोन्‌महिने घरी गोळ्या घेणाऱ्यांना ते लागू नव्हतं. धोका खरा आहे. डोस किती, किती दिवस आणि रुग्णाला पूर्वी व्यसन होतं का, यांवर तो अवलंबून असतो. व्यसनाचा इतिहास असलेल्या रुग्णालाही हाड मोडल्यावर दुखतंच. त्याला नेहमीपेक्षा जास्त डोस लागू शकतो आणि लक्षही जास्त द्यावं लागतं.

दुखणं खरं आहे का हे पाहण्यासाठी साध्या सलाईनचं इंजेक्शन देण्याची पद्धत पूर्ण बंद करायला हवी. खऱ्या वेदनेचे रुग्णही अशा इंजेक्शनला प्रतिसाद देतात, त्यामुळे त्यातून काहीच सिद्ध होत नाही. उलट फसवणूक कळली की तो रुग्ण पुढे खरं सांगणं थांबवतो. पोटदुखीत वेदनाशामक दिलं तर निदान लपेल, हा समजही आता मागे पडला आहे. तपासणी आणि वेदनाशमन बरोबरीने चालतात.

विचारायचं कसं

‘दुखतंय का?’ या प्रश्नाला बरेच जण ‘नाही, ठीक आहे’ म्हणतात. कुणाला सिस्टरला त्रास द्यायचा नसतो, कुणाला सुईची भीती असते, कुणाला वाटतं की दुखणं वाढलं म्हणजे आजार वाढला. म्हणून आकडा मागा, आणि तो दोनदा मागा: ‘काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे कल्पनेपलीकडचं दुखणं. आत्ता पडल्या पडल्या किती? आणि खोकताना, कुशीवर वळताना किती?’ पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पडून असताना ३ आणि खोकताना ८ असेल, तर तो रुग्ण खोल श्वास घेणार नाही, कफ काढणार नाही आणि छातीत संसर्ग होण्याचा धोका वाढेल. फक्त पडून असतानाचा आकडा लिहिला तर हे चार्टवर दिसतच नाही. हालचालीचा आकडा न विचारणं ही वॉर्डातली मोठी चूक आहे.

आकड्यानंतर जागा विचारा आणि रुग्णाला बोटाने दाखवायला सांगा. मग दुखण्याची जात. ठणकतं, ओढल्यासारखं होतं, हलवलं की जास्त दुखतं, अशी वर्णनं जखम, हाड, स्नायू यांच्या वेदनेत येतात. कळ येते, पिळवटून जातं, नेमकी जागा सांगता येत नाही, हे पोटातल्या अवयवांचं. आग होते, मुंग्या येतात, विजेसारखी सणक जाते, चादर लागली तरी सहन होत नाही, असं असेल तर मज्जातंतूंची वेदना डोळ्यांसमोर ठेवा. तिला नुसत्या मॉर्फिनने पुरेसा आराम पडेलच असं नाही. गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलीनसारखी औषधं लागतात आणि त्यांचा परिणाम दिसायला काही दिवस जातात. रुग्णाने वापरलेला शब्द जसाच्या तसा नोंदवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, झोप लागते का, हे पहिल्या तपासणीत एकदा सविस्तर विचारलं की पुढे प्रत्येक वेळी सगळं विचारावं लागत नाही.

एकटा आकडा डोस ठरवत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत वेदनेला ‘पाचवं व्हायटल साइन’ म्हणण्याची मोहीम निघाली. हेतू चांगला होता, पण आकडा खाली आणण्याच्या नादात ओपिऑइडचा वापर वाढण्याला तिचाही हातभार लागला, अशी टीका होऊन पुढे ती मागे घेतली गेली. आकड्याबरोबर कामाचा प्रश्न विचारा: खोल श्वास घेता येतोय का, बसता येतंय का, संडासपर्यंत चालता येतंय का? आकडा ४ असताना रुग्ण चालत असेल आणि त्याला ते पुरेसं वाटत असेल, तर शून्यासाठी डोस वाढवायची गरज नाही.

ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी निरीक्षणाच्या मोजपट्ट्या आहेत. दोन महिने ते सात वर्षांच्या मुलांसाठी फ्लॅक: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. साधारण तीन वर्षांपुढच्या मुलांना सहा चेहऱ्यांची वाँग-बेकर पट्टी दाखवता येते, पण ‘तुला कसं वाटतंय’ असं न विचारता ‘तुला किती दुखतंय’ असंच विचारा, नाहीतर घाबरलेलं किंवा आईसाठी रुसलेलं मूल रडका चेहरा दाखवतं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी पेनॅड: श्वास, आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि शांत करता येणं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी सीपॉट: चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं, एकूण ० ते ८. यात ३ किंवा अधिक गुण आले तर वेदना आहे असं धरून उपाय करा. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असलेल्या रुग्णावर यातली कोणतीही पट्टी चालत नाही. ज्या गोष्टीने एरवी माणसाला दुखतं, तिने त्यालाही दुखतंय असंच धरून वेदनाशामक चालू ठेवावं लागतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत घरच्यांना विचारा. ‘आजी एरवी अशा चिडत नाहीत’ हे एक वाक्य पट्टीपेक्षा जास्त सांगून जातं.

नवजात बाळांना वेदना जाणवते. १९८० च्या दशकापर्यंत पुरेशा भुलीशिवाय त्यांच्यावर शस्त्रक्रियाही होत असत, इतका याबद्दल गैरसमज होता. टाचेला टोचण्याआधी २ मिनिटं जिभेवर २४ टक्के सुक्रोजचे थेंब, किंवा आईच्या अंगावर पाजत असताना टोचणं, या दोन्हींमुळे बाळाच्या वेदनेच्या खुणा कमी दिसतात.

औषध कसं द्यावं

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. त्या शिडीपेक्षा तिच्यासोबतचे नियम रोजच्या कामात जास्त उपयोगी पडतात: शक्य तिथे तोंडाने, घड्याळाप्रमाणे आणि माणूस बघून. घड्याळाप्रमाणे याचा अर्थ असा की दुखणं सतत राहणार हे माहीत असताना, म्हणजे मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत किंवा कर्करोगात, औषध ‘एसओएस’, म्हणजे मागितलं तरच द्यायचं, असं ठेवायचं नाही. एसओएसमध्ये रुग्णाला आधी दुखावं लागतं, मग बेल, मग सिस्टर मोकळी होणं, मग औषध काढणं, मग ते लागू पडणं. एवढ्यात दुखणं ३ वरून ८ वर गेलेलं असतं आणि ८ खाली आणायला डोसही जास्त लागतो. ऑर्डर एसओएसच असेल तर निदान एवढं करा: ठरलेलं अंतर संपलं की स्वतः जाऊन विचारा.

पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, दिवसाला कमाल ४ ग्रॅम. ५० किलोच्या खालच्या रुग्णाला वजनाप्रमाणे, दर किलोला १५ मिलिग्रॅम. शिरेतून देताना १५ मिनिटांत. एकत्रित गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं आणि ते मोजणीतून निसटतं, म्हणून चोवीस तासांचा एकूण आकडा जोडून बघा. मॉर्फिन चालू झालं म्हणून पॅरासिटामॉल थांबवू नका, दोन्ही मिळून मॉर्फिन कमी लागतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक या गटातलं एका वेळी एकच. लघवी कमी होतेय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) वाढलंय, अल्सरचा किंवा या गोळ्यांनी दमा उठल्याचा इतिहास आहे, तर देण्याआधी डॉक्टरांना विचारा. ट्रामाडॉल दिवसाला कमाल ४०० मिलिग्रॅम. ते शिरेतून भराभर ढकललं की मळमळ होते, २ ते ३ मिनिटं घेऊन द्या. फिट येणाऱ्या रुग्णात आणि नैराश्यावरच्या गोळ्या चालू असताना जपून.

मॉर्फिन शिरेतून दिल्यावर ५ ते १० मिनिटांत जाणवायला लागतं आणि पूर्ण जोर साधारण २० मिनिटांनी येतो. तोंडाने दिलेल्या साध्या गोळीला एक तास लागतो, आणि परिणाम सुमारे ४ तास टिकतो. १० मिलिग्रॅमची ॲम्प्युल सलाईनने १० मिलि केली की १ मिलिमध्ये १ मिलिग्रॅम मिळतं. मात्र ॲम्प्युल १५ मिलिग्रॅमचीही येते, म्हणून लेबल वाचून दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या आणि सिरिंजवर लगेच नाव, प्रमाण, वेळ लिहा. तीव्र वेदनेत ऑर्डरप्रमाणे १ ते २ मिलिग्रॅम, ५ ते १० मिनिटं थांबून आकडा, गुंगी आणि श्वास बघून पुढचा डोस. वृद्ध आणि अशक्त रुग्णात लहान डोस, जास्त थांबणं. शिरेतले १० मिलिग्रॅम म्हणजे तोंडातून साधारण ३० मिलिग्रॅम. रुग्णाला तोंडाच्या गोळ्यांवर नेताना हा हिशेब चुकला की इंजेक्शन बंद केलेल्या दिवशीच दुखणं उसळतं. मूत्रपिंड कमी चालत असेल तर मॉर्फिनपासून तयार होणारे घटक साचतात. गुंगी वाढते, हातपाय झटके देतात. असे झटके दिसले तर पुढचा डोस थांबवून कळवा.

मॉर्फिनने होणारी मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता ओसरत नाही. म्हणून नियमित मॉर्फिनच्या पहिल्याच दिवशी सेना किंवा बिसाकोडिलसारखं रेचक सुरू व्हायला हवं. ऑर्डरमध्ये नसेल तर मागून घ्या. तीन दिवस शौचाला झालं नाही की रुग्ण पोट दुखतं म्हणतो, त्यासाठी मॉर्फिन वाढवलं जातं आणि पोट आणखी गच्च होतं.

फेंटानिल या ओपिऑइडचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची चकती) लावल्यावर परिणाम यायला १२ तास किंवा जास्त लागतात, तोवर आधीचं औषध बंद करायचं नाही. पॅच ७२ तासांनी बदलतात. ताप आला किंवा वर गरम पिशवी ठेवली तर औषध जास्त शोषलं जातं. जुना पॅच काढल्याशिवाय नवा लावू नका, आणि काढल्यानंतरही कित्येक तास परिणाम राहतो हे लक्षात ठेवा. पीसीए पंपात बटण दाबलं की ठरलेला डोस शिरेत जातो; ते बटण रुग्णानेच दाबायचं. गुंगी आलेला माणूस बटण दाबत नाही, हाच त्या यंत्राचा बचाव आहे. प्रेमापोटी नातेवाइकांनी दाबलं की तो बचाव जातो. हे नातेवाइकांना पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगा.

ड्रेसिंग, फिजिओथेरपी, कुशीवर वळवणं यांची वेळ आपल्या हातात असते. तोंडाचं औषध ४५ ते ६० मिनिटं आधी द्या, शिरेतलं मॉर्फिन १५ ते २० मिनिटं आधी. चिकटलेलं ड्रेसिंग ओढण्यापूर्वी सलाईनने भिजवा. पोटावर टाके असलेल्याला खोकताना उशी दाबून धरायला शिकवा. सूज असलेल्या ठिकाणी कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं. हे औषधाच्या जोडीने करायचं, औषध टाळण्यासाठी नाही.

गुंगी आणि श्वास

ओपिऑइडने श्वास मंदावण्याआधी जवळपास नेहमी गुंगी वाढते. त्यामुळे ऑक्सिमीटरआधी गुंगी बघा. रुग्ण जागा आणि सावध आहे, किंवा थोडा पेंगतोय पण हाक मारली की लगेच बोलतो, तोवर ठीक. बोलता बोलता मध्येच डोळे मिटत असतील, वाक्य अर्धवट सुटत असेल, तर पुढचा डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना कळवायचं आणि जवळ थांबायचं. वेदनेचा आकडा तो ७ सांगत असला तरीही. हलवूनही जेमतेम प्रतिसाद मिळत असेल तर ती आणीबाणी आहे.

श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चौपट केलं तर मधले थांबे सुटतात. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) श्वास मंदावल्यावरही बराच वेळ ९८ दाखवत राहतं, कारण तो आकडा कार्बन डायऑक्साइडबद्दल काहीच सांगत नाही. मोठ्याने घोरणं, विशेषतः नव्याने सुरू झालेलं, हे गाढ झोपेचं लक्षण समजून पुढे जाऊ नका; श्वासमार्ग अडत असतो.

श्वास मिनिटाला ८ च्या खाली आणि रुग्ण उठत नाही: ओपिऑइड बंद, हाक मारा, हनुवटी वर, ऑक्सिजन, मदतीला बोलवा. ओपिऑइडचा परिणाम उलटवणाऱ्या नॅलोक्सोनची ०.४ मिलिग्रॅमची ॲम्प्युल सलाईनने १० मिलि करा. त्यातले १ ते २ मिलि दर २-३ मिनिटांनी, श्वास सुधारेपर्यंत. पूर्ण ॲम्प्युल एकदम ढकलली तर वेदना एका झटक्यात परत येते, रक्तदाब उसळतो. श्वासच थांबला असेल तर मात्र बॅग-मास्कने श्वास देत पूर्ण डोस द्यायचा. नॅलोक्सोनचा परिणाम अर्धा ते दीड तासात उतरतो आणि मॉर्फिन अजून शरीरात असतं, म्हणून रुग्ण उठून बोलला तरी पुढचे काही तास त्याच्यावर नजर हवी.

परत जाऊन विचारणं

शिरेतल्या औषधानंतर १५ ते ३० मिनिटांनी, तोंडाच्या औषधानंतर तासाभराने परत विचारा. गर्दीच्या ड्युटीत हे लक्षात राहत नाही, म्हणून औषध देतानाच चार्टवर पुढची वेळ लिहून मोकळी जागा सोडा. रिकामी जागा पुढच्या सिस्टरलाही दिसते.

‘इंजेक्शन दिलं, रुग्णाला आराम’ या नोंदीतून काहीच कळत नाही. नोंद अशी हवी: ‘१०:०० वा. पोटाच्या जखमेत ठणका, पडून ५, खोकताना ८. जागा, सावध, श्वास १८. मॉर्फिन २ मिलिग्रॅम शिरेतून. १०:२० वा. पडून ३, खोकताना ५, किंचित पेंग, श्वास १४. उशी धरून खोकला काढला.’ या नोंदीवर पुढचा डोस ठरवता येतो. आकडा उतरला नाही तर डॉक्टरांना ‘पेशंटला दुखतंय’ एवढंच न सांगता दिलेला डोस, वेळ, आधीचा आणि नंतरचा आकडा, गुंगी आणि श्वास सांगा. ऑर्डर बदलून मिळण्याची शक्यता तेव्हाच वाढते.

पुरेसा डोस देऊनही दुखणं वाढत असेल, जागा बदलली असेल किंवा जात बदलली असेल, तर डोस वाढवून घेण्याआधी कारण शोधा. प्लास्टर घातलेल्या पायात औषधाला न जुमानणारं दुखणं, आणि बोटं हळूच ताणली की किंकाळी, हे कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे आतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटणं, असू शकतं. तिथे नाडी लागतेय म्हणून थांबू नका, नाडी शेवटी जाते. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवा. तासांच्या हिशेबात स्नायू मरतात. एपिड्युरल (पाठीतल्या नळीतून मणक्याजवळ दिलेलं वेदनाशामक) चालू असलेल्या रुग्णाची पाठ नव्याने दुखू लागली किंवा पायातली ताकद कमी झाली तरी तेवढीच घाई. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उतरत चाललेला आकडा अचानक चढला आणि पोट ताठ लागलं, एका पोटरीत दुखून सूज आली, छातीत श्वासागणिक टोचायला लागलं, तर त्या दुखण्यावर नुसतं औषध देऊन पुढच्या बेडकडे वळायचं नाही.

ड्युटी बदलताना हँडओव्हरमध्ये शेवटचा डोस, त्याची वेळ, त्यानंतरचा आकडा, पुढचा डोस कधी देय आणि रेचक चालू आहे का, एवढं प्रत्येक बेडपाशी सांगा. रुग्णासमोरच सांगितलं तर आकड्यात चूक असल्यास तो स्वतःच दुरुस्त करतो.